एक्सएफएलआर५: पंख शिकायचा तर हेच, पण त्याचा नकार वाचायला शिका

एक्सएफएलआर५ हे विमानाच्या पंखाचं गणित करणारं सॉफ्टवेअर फुकट आहे, आकाराने लहान आहे आणि साध्या लॅपटॉपवर अख्ख्या पंखाचं विश्लेषण काही सेकंदांत हातात ठेवतं. विंडोज, लिनक्स, मॅक, तिन्हींवर चालतं. विमानाच्या डिझाइनमध्ये करिअर करायचं असेल तर महागडं सीएफडी (हवेचा प्रवाह संगणकावर सोडवणारं) पॅकेज शिकण्याआधी हे शिकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इथे रंगीत चित्रांच्या मागे लपायला जागा नाही. कॉर्ड (पंखाची पुढून मागे रुंदी) वाढवली की लिफ्ट (उचल) किती वाढली, शेपूट मागे नेली की नाक का खाली गेलं, हे आलेखात त्याच क्षणी दिसतं. तक्रार एकच, पण मोठी आहे: प्रश्न चुकीचा विचारला तरी हे सॉफ्टवेअर बहुतेक वेळा सुबक उत्तर देतं.

त्याच्या पोटात कोणाचं गणित आहे हे आधी पाहू, कारण त्यावरूनच त्याच्या मर्यादा कळतात. एअरफॉइलचा, म्हणजे पंखाच्या छेदाचा, हिशेब करणारा गाभा म्हणजे एक्सफॉइल. तो एमआयटीतल्या मार्क ड्रेला यांनी १९८६ मध्ये लिहिला. त्याच सुमारास तिथे डेडॅलस या माणसाच्या ताकदीवर उडणाऱ्या विमानाचं काम चालू होतं आणि त्याच्या पंखाचे छेद ड्रेला यांनीच काढले होते. पंख ३४ मीटरचा, रिकामं वजन ३१ किलो. २३ एप्रिल १९८८ ला कानेलोस कानेलोपूलोस या ग्रीक सायकलपटूने पेडल मारत ते क्रीटहून सँटोरिनीपर्यंत ११५ किलोमीटर नेलं. किनारा काही मीटरवर आलेला असताना वाऱ्याच्या झोताने शेपटीचा दांडा मोडला आणि विमान पाण्यात पडलं. पायातून मिळणाऱ्या थोड्याशा ताकदीवर तासन्‌तास उडायचं तर पंखावरून जाणारा हवेचा थर कुठपर्यंत शांत राहतो आणि कुठे खवळतो हे नेमकं कळावं लागतं. एक्सफॉइलची खरी ताकद तिथेच आहे. ड्रेला पुढे डी८ या ‘डबल बबल’ प्रवासी विमानाच्या संकल्पनेपर्यंत पोहोचले, आणि त्या सगळ्या वाटचालीत स्वतःची साधनं स्वतः लिहिण्याची सवय त्यांनी सोडली नाही.

फ्रान्सच्या आंद्रे देपेरवा यांनी हा गाभा घेऊन त्याभोवती खिडक्या-मेनूंचं सॉफ्टवेअर बांधलं आणि त्याला अख्ख्या पंखाची, शेपटीसकट विमानाची गणितं जोडली. त्यातली सर्वांत जुनी रीत म्हणजे लिफ्टिंग लाइन. ती लुडविग प्रांट्ल यांनी ग्योटिंगेनला पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडली. त्याच प्रांट्ल यांच्या हाताखाली आपल्या विष्णू माधव घाटगे यांनी डॉक्टरेट केली आणि परत येऊन बंगळूरच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये एचटी-२ हे प्रशिक्षण विमान घडवलं. ते १९५१ मध्ये उडालं. मेनूत ‘एलएलटी’ हा पर्याय दिसतो ती हीच रीत. घाटग्यांच्या पिढीने ती कागद, पेन्सिल आणि स्लाइडरूलवर सोडवली.

आता प्रत्यक्ष वापर. उदाहरणाला एक ठरावीक विमान धरू: पंख २ मीटर, मुळाशी कॉर्ड ३० सेंमी, टोकाला २० सेंमी, क्षेत्रफळ अर्धा चौरस मीटर, वजन ३ किलो. कॉलेजच्या स्पर्धेत किंवा छोट्या ड्रोनच्या कामात असंच काहीतरी समोर येतं.

पहिली ठेच फाइलपाशीच लागते. इलिनॉय विद्यापीठाच्या संग्रहात दीड हजारांहून जास्त एअरफॉइल मोफत मिळतात, पण त्यात दोन मांडण्या असतात. एकीत आकडे मागच्या कडेपासून निघून वरच्या बाजूने पुढे येतात आणि खालच्या बाजूने परत जातात. ही सेलिग मांडणी एक्सएफएलआर५ ला चालते. दुसरीत वरची आणि खालची बाजू वेगवेगळी दिलेली असते आणि नावाखालच्या ओळीत बिंदूंची संख्या असते, म्हणजे १ पेक्षा कितीतरी मोठे दोन आकडे. ती तशीच उघडली की पडद्यावर एअरफॉइलऐवजी गुंतलेला धागा दिसतो. फाइल टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ती संख्येची ओळ काढा, वरच्या बाजूचे बिंदू उलट्या क्रमाने लावा, मधे दोनदा आलेला नाकाचा बिंदू एकदाच ठेवा.

त्यानंतर ‘रिफाइन ग्लोबली’मध्ये जाऊन पॅनेल, म्हणजे छेदाच्या कडेचे सरळ तुकडे, १५० च्या आसपास करा. संग्रहातल्या पुष्कळ फाइलींत ६०-७० च बिंदू असतात आणि नाकाशी ते विरळ पडतात. स्टॉलचं, म्हणजे कोन फार वाढल्यावर लिफ्ट कोसळण्याचं, भवितव्य नाकाच्या गोलाईवरच ठरतं. तिथे कोपरे राहिले तर आकडे जुळत नाहीत, आणि जुळले तरी विश्वासाचे नसतात.

मग रेनॉल्ड्स नंबर: वेग गुणिले कॉर्ड भागिले हवेची कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी. इथे महाराष्ट्रातल्या संघांसाठी एक गोष्ट ठासून सांगावीशी वाटते. सॉफ्टवेअर घनता १.२२५ आणि व्हिस्कॉसिटी ०.००००१५ धरून बसतं. हे आकडे समुद्रसपाटीचे आणि १५ अंशांचे आहेत. पुणं ५६० मीटरवर आहे. मे महिन्यात ३५ अंशांना तिथली घनता १.०७ च्या आसपास येते आणि व्हिस्कॉसिटी ०.००००१७७ होते. म्हणजे त्याच वेगाला लिफ्ट साडेबारा टक्के कमी. स्टॉलचा वेग ७ टक्के जास्त, आणि उड्डाणाला लागणारी धाव वेगाच्या वर्गावर अवलंबून असल्याने निदान १४ टक्के लांब. गरम हवेत प्रोपेलरचा जोरही घटतो, तो वेगळाच. विमान कागदावर उडतं आणि मैदानावर उडत नाही, यामागे बऱ्याचदा हे दोन न बदललेले रकानेच असतात. विश्लेषणाच्या खिडकीत ते समोरच असतात, बदलायला अर्धा मिनिट लागतो.

पोलर म्हणजे एका रेनॉल्ड्सला प्रत्येक कोनाची लिफ्ट आणि ड्रॅग (हवेचा अडथळा) यांचा तक्ता. आपल्या विमानाला त्याची व्याप्ती अशी काढायची: सर्वांत लहान कॉर्ड आणि सर्वांत कमी वेग, म्हणजे टोकाची २० सेंमी आणि स्टॉलचा सेकंदाला ९ मीटर, यातून सुमारे १,०२,००० मिळतात. सर्वांत मोठी कॉर्ड आणि सर्वांत जास्त वेग, ३० सेंमी आणि २० मीटर, यातून सुमारे ३,३९,०००. दोन्हीकडे मोकळीक ठेवून ५०,००० ते ४,००,००० पर्यंत, २५,००० च्या टप्प्याने, ‘बॅच अ‍ॅनालिसिस’ लावा. टप्पा मोठा घेतला तर मधले आकडे ओढूनताणून काढले जातात.

हवा किती शांत धरायची ते ठरवणारा ‘एनक्रिट’ हा रकाना बहुतेक जण ९ वर सोडून देतात. सरासरी विंड टनेलसाठी ९ योग्य आहे. स्वच्छ, शांत हवेत उडणाऱ्या ग्लायडरसाठी १२ ते १४, आणि गढूळ प्रवाहासाठी ४ ते ८ असा संकेत आहे. प्रोपेलरच्या मागे येणाऱ्या पंखाच्या भागाला ९ धरणं म्हणजे ड्रॅग कमी दाखवणं. तिथे ५ घेऊन दुसरा संच चालवा आणि दोन्ही आलेख एकावर एक ठेवा. फरक मोठा निघाला तर तो एअरफॉइल पृष्ठभागाच्या बारीक दोषांना फार हळवा आहे असं समजा. बाल्साच्या फासळ्यांवर इस्त्रीने ताणलेली फिल्म दोन फासळ्यांच्या मधे हमखास आत बसते, म्हणजे अर्ध्याअधिक पंखाचा छेद तुम्ही निवडलेला नसतोच.

या मापाच्या पंखावर एक गोष्ट आवर्जून पाहण्यासारखी आहे. एखादा ऑपरेटिंग पॉइंट निवडून दाबाचा आलेख उघडा. वरच्या बाजूची रेघ उतरता उतरता मधेच काही अंतर सपाट होते आणि मग एकदम कोसळते. तो सपाट तुकडा म्हणजे लॅमिनार सेपरेशन बबल: शांत थर पंखापासून सुटला, हवेत खवळला आणि पुन्हा पंखाला चिकटला. कोन वाढवत नेला की हा बुडबुडा नाकाकडे सरकताना दिसतो. रेनॉल्ड्स ३,००,००० वरून १,००,००० वर आणला की तो लांबतो आणि ड्रॅग चढतो. हे पडद्यावर स्वतः हलवून पाहिलेला विद्यार्थी टर्ब्युलेटरची (थर मुद्दाम खवळवणारी) पट्टी कुठे चिकटवायची हे विसरत नाही: बुडबुडा सुरू होतो त्याच्या थोडी आधी.

आकडे जुळत नाहीत, म्हणजे कन्व्हर्ज होत नाहीत, तेव्हा बहुतेक जण दणादण इटरेशन (हिशेबाच्या फेऱ्या) वाढवतात. १०० वरून ३०० करायला हरकत नाही, पण खरं कारण बहुधा वेगळं असतं. प्रत्येक कोनाचं उत्तर शोधताना सॉफ्टवेअर आधीच्या कोनाच्या उत्तरापासून सुरुवात करतं. उडी मोठी असली की धागा तुटतो. शून्य अंशापासून सुरुवात करा, टप्पा ०.५ ऐवजी ०.२५ करा, वर आणि खाली अशा दोन वेगळ्या फेऱ्या घ्या आणि तुटलेल्या जागेपासून पुढे ‘इनिट बीएल’ (थराचा हिशेब नव्याने) लावून पुन्हा सुरू करा. स्टॉलच्या पलीकडे काहीही केलं तरी जुळत नसेल तर ते बरोबरच आहे. तिथे प्रवाह पूर्ण सुटलेला असतो आणि हे गणित त्यासाठी लिहिलेलंच नाही.

स्पर्धेत उतरणाऱ्या संघांचा लाडका एअरफॉइल म्हणजे एस१२२३. भार उचलण्यासाठी बांधलेला, रेनॉल्ड्स २,००,००० ला लिफ्ट कोइफिशंट (वेग आणि क्षेत्रफळ वगळून उरणारा लिफ्टचा आकडा) २.२ च्या घरात जाणारा. आकडा पाहून सगळे भुलतात. त्याच पोलरमध्ये शेजारी दिलेला पिचिंग मोमेंट (नाक वर-खाली फिरवणारा जोर; उणे म्हणजे खाली) मात्र कोणी वाचत नाही. तो उणे ०.२८ च्या आसपास असतो. क्लार्क वाय या जुन्या, सपाट पोटाच्या छेदाचा उणे ०.०८ च्या आसपास. याची किंमत किती ते पाहा. सीजी (गुरुत्वमध्य) कॉर्डच्या ३० टक्क्यांवर, उड्डाणात पंखाचा लिफ्ट कोइफिशंट १.२, शेपटीचा व्हॉल्यूम कोइफिशंट (तिचं क्षेत्रफळ आणि अंतर यांचं पंखाशी प्रमाण) ०.५. नाक समतोल ठेवण्यासाठी शेपटीला एस१२२३ च्या मागे उणे ०.४४ इतका लिफ्ट कोइफिशंट काढावा लागतो, क्लार्क वायच्या मागे उणे ०.०४. शेपटीचं क्षेत्रफळ पंखाच्या पाचवा हिस्सा धरलं तर पहिल्या विमानाची शेपूट पंखाने उचललेल्या भाराच्या ७ टक्के भार परत खाली दाबते, आणि तो ड्रॅग वेगळा. शिवाय एस१२२३ ची मागची कड इतकी पातळ आणि वाकडी आहे की बाल्सात ती नीट येत नाही, आणि कमी कोनांना त्याचे आकडे वारंवार तुटतात. मी तो वाईट म्हणत नाही. शेपूट आणि बांधणी त्याच्या मापाची करायची तयारी असेल तरच घ्यावा.

पंख मांडताना कॉर्डच्या दिशेने १२-१३ पॅनेल कोसाइन वाटणीने आणि अर्ध्या पंखावर १५ ते २० पुरतात. जास्त पॅनेल म्हणजे जास्त अचूक, हा समज इथे खोटा ठरतो. फार अरुंद पट्ट्या रुंद पट्ट्यांच्या शेजारी आल्या की उत्तर बिघडतं. पंखातून मागे जाणाऱ्या भोवऱ्यांच्या रेषा शेपटीच्या पॅनेलांच्या मधोमध गेल्या तर शेपटीच्या लिफ्टमध्ये खोटी टोकं दिसतात. म्हणून शेपटीच्या पॅनेलांच्या कडा पंखाच्या कडांशी जुळवा, किंवा शेपूट थोडी वर घ्या. फ्यूजलाज (विमानाचं धड) रेखाटायचा मोह टाळा. दिसायला छान दिसतो, पण हिशेबात त्याने अडचणच होते आणि खुद्द सॉफ्टवेअरच्या माहितीपत्रातही तो वगळायचा सल्ला आहे.

आता तो नकार. विश्लेषण चालवलं की लॉगमध्ये ओळ येते: पंखाच्या अमुक अंतरावर, अमुक रेनॉल्ड्सला, अमुक लिफ्ट कोइफिशंट ‘आउटसाइड द फ्लाइट एन्व्हलप’. फार जण ही ओळ बंद करतात आणि जेवढा आलेख आला तेवढा अहवालात चिकटवतात. ती वाचायची कशी? रेनॉल्ड्सचा आकडा तुमच्या पोलरच्या खाली किंवा वर असेल तर पोलर वाढवा. तो व्याप्तीत असून लिफ्ट कोइफिशंट पोलरच्या शेवटच्या बिंदूपेक्षा मोठा असेल, तर पंखाचा तो तुकडा स्टॉल होतोय, आणि ही तुमच्या डिझाइनबद्दलची खरी माहिती आहे. अंतराचा आकडा टोकाकडचा असेल तर टोक आधी स्टॉल होणार, विमान एका बाजूला कलंडणार. टोकाला २ अंश वॉशआउट (पुढची कड खाली वळवणारा पीळ) द्या किंवा टोकाची कॉर्ड वाढवा, आणि पुन्हा चालवा.

याच्या उलट, व्हीएलएम (व्होर्टेक्स लॅटिस, म्हणजे पंखावर भोवऱ्यांची जाळी मांडणारी) रीत घेतली की लिफ्टची रेघ सरळ वर जातच राहते. व्हीएलएमला स्टॉल माहीत नाही. छेदाचा घर्षणाचा ड्रॅग ती पोलरमधून उचलून वर चिकटवते, त्याचा लिफ्टवर परिणाम होऊ देत नाही. त्यामुळे व्हीएलएमच्या आलेखावरून सर्वाधिक लिफ्ट कोइफिशंट वाचणं हा या सॉफ्टवेअरचा सर्वांत मोठा गैरवापर आहे. कमाल लिफ्ट हवी तर साध्या, न मागे वळलेल्या पंखाला एलएलटी लावा. नाहीतर छेदागणिक लिफ्टचा आलेख काढून त्यातला पहिला तुकडा स्वतःच्या मर्यादेला कोणत्या कोनाला पोहोचतो ते पाहा आणि तिथेच थांबा. शेपटीसकट समतोल आणि स्थिरता पाहायला मात्र व्हीएलएमच वापरा, त्यात ती उत्तम आहे.

स्थिरतेसाठी मोमेंट आणि कोन यांचा आलेख. रेघ डावीकडून उजवीकडे उतरती हवी आणि शून्याला ती धन लिफ्टच्या कोनाला छेदायला हवी. दुसरी अट विसरली जाते: रेघ उतरती आहे, पण छेद उणे ३ अंशांना आहे, म्हणजे विमान स्थिरपणे जमिनीकडे जाणार. शेपूट उणे १ ते २ अंशांनी कलती करून छेद सरकवा. सीजी मागे सरकवत रेघ आडवी होते ती जागा न्यूट्रल पॉइंट. स्टॅबिलिटीच्या विश्लेषणात तो थेटही मिळतो. आपल्या पंखाची सरासरी एरोडायनॅमिक कॉर्ड २५३ मिमी आहे. १० टक्के स्थिरतेचं मार्जिन म्हणजे सीजी न्यूट्रल पॉइंटच्या २५ मिमी पुढे. आणि तो हलवायचा कसा: ३ किलोच्या विमानात ४०० ग्रॅमची बॅटरी ७५ मिमी सरकवली की सीजी १० मिमी सरकतो. बॅटरीच्या ट्रेला एवढी जागा आधीच ठेवली नाही तर शेवटी नाकात शिसं भरावं लागतं.

वापरण्याच्या सोयीत हे सॉफ्टवेअर जुन्या वळणाचं आहे. निकाल असलेलं विमान बदललं की जुने निकाल जातात, म्हणून आधी डुप्लिकेट करा आणि नाव बदलून मगच हात लावा. प्रत्येक कोनाचा पॉइंट साठवत राहिलं तर प्रोजेक्टची फाइल फुगते आणि काम रखडतं. हवे तेवढेच साठवा. हे मुळात मॉडेल ग्लायडरसाठी लिहिलेलं आहे आणि माणूस बसणाऱ्या विमानाच्या डिझाइनसाठी वापरू नये, असं लेखकाने स्वतः बजावलं आहे. ते अक्षरशः पाळा. देपेरवा यांचं पुढचं सॉफ्टवेअर फ्लो५ आहे, पण शिकायला हे जुनंच पुरतं. यानंतरची पायरी म्हणजे ड्रेला आणि हॅरल्ड यंगरेन यांचं एव्हीएल, मग नासातून आलेलं ओपनव्हीएसपी, मग स्टॅनफर्डचं एसयू२. ही तिन्ही साधनं फुकट आहेत. पवईच्या आयआयटीत किंवा बंगळूरच्या एनएएल या विमान-संशोधन प्रयोगशाळेत जायचं असो की नवी मुंबईत ड्रोन बनवायचे असोत, या पायऱ्या ओळीने चढलेला माणूस आकड्याला आकडा म्हणून घेत नाही, तो कुठून आला ते विचारतो.

ड्रॅगवर मात्र विश्वास ठेवायचा तर उडवून पाहावं लागतं. फ्यूजलाज, चाकं, सर्व्होचे हात, पंख आणि बॉडी मिळतात तिथली गडबड, यातलं काहीही हिशेबात नसतं. पहाटे वारा पडलेला असताना विमान वर न्या, मोटर बंद करा, प्रोपेलर मिटणारा किंवा अडवलेला हवा, कारण फिरता राहिला तर तो स्वतःच ब्रेक होतो. वेग सेकंदाला १२ मीटर धरून ठेवा आणि टेलिमेट्रीत उंची किती वेगाने घटते ते वाचा. सेकंदाला १ मीटर आली तर खरं लिफ्ट-ड्रॅग गुणोत्तर १२. एक्सएफएलआर५ त्याच वेगाला २० दाखवत असेल, तर लिफ्ट कोइफिशंट ०.७६ धरून सॉफ्टवेअरचा ड्रॅग ०.०३८ आणि खरा ०.०६३. मधला ०.०२५ विश्लेषणाच्या ‘एक्स्ट्रा ड्रॅग’ या रकान्यात पंखाच्या अर्ध्या चौरस मीटर क्षेत्रफळासह भरा आणि सगळं पुन्हा चालवा. आता निघणारा चढाईचा वेग आणि बॅटरीचा हिशेब मैदानावर लावून पाहता येईल.